न गंजणारी अंगठी

श्रेणिकच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटातली काळी अंगठी गंजत नव्हती.

रुचीच्या हे लक्षात आलं ते दिराला ताट वाढताना. शनीसाठी घालतात ती काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी लोखंडाची असते. ठोकून वाकवलेली, दोन टोकांमध्ये किंचित फट राहिलेली. जालन्याच्या बोअरचं जड पाणी लागलं की थोड्याच दिवसांत तिच्यावर तांबूस पूड धरते आणि खालच्या कातडीवर मळकट कडं उमटतं. तिच्या सासऱ्यांच्या बोटावर तसं कडं होतं, आंघोळीनंतरही न जाणारं. श्रेणिकची अंगठी उन्हाळ्यापासून बोटात होती. तिला सांधा नव्हता, फट नव्हती, आणि ती सरकली की खालचं बोट इतर बोटांसारखंच स्वच्छ दिसायचं.

रुची ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. लोखंड ओळखायला तिला चुंबक लागत नसे. ही अंगठी शनीची नव्हती; म्हणजे श्रेणिकनं आईला जे सांगितलं ते खोटं होतं. आणि जो माणूस बोटातल्या अंगठीबद्दल खोटं बोलतो तो आणखी कशाकशाबद्दल बोलत असेल? हा प्रश्न तिच्या मनात येऊन बसला तो उठेचना.

घर जुन्या जालन्यातलं. खाली साड्यांचं दुकान, वर राहणं. राजस्थानातून येऊन किती पिढ्या झाल्या हे आता कुणाला नक्की सांगता येत नसे, पण घरात बोलणं मारवाडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी, ही वाटणी अजून थोडीफार टिकून होती. सासरे हस्तीमल, सासूबाई सायरबाई, रुचीचा नवरा अभय आणि त्याचा धाकटा भाऊ श्रेणिक. श्रेणिक तिशीला टेकला होता आणि लग्नाला उभा राहत नव्हता. परभणीची मुलगी फार शिकलेली निघाली, भोकरदनची कमी शिकलेली, संभाजीनगरची म्हणे फार मोठ्यानं हसली. कारणं अशी पातळ की पलीकडचं आरपार दिसावं; दिसत मात्र काहीच नव्हतं.

एरवी रुचीनं काणाडोळा केला असता. पण सायरबाईंनी आता एकताचं नाव काढलं होतं. एकता ही रुचीच्या सख्ख्या काकांची मुलगी, परतूर तालुक्यातल्या आष्टीची. काकांची तिथं धान्याची आडत होती, आणि वडील गेल्यावर रुची त्यांच्याच घरात, एकताच्या बरोबरीनं वाढली होती. काका फोनवर एवढंच म्हणाले, "पोराला तू रोज बघून राह्यली. तू हो म्हण, मी डोळे मिटून पोरगी देतो." तेव्हापासून रुची "बघते काका, कळवते" असं म्हणत होती, आणि बघत होती.

सायरबाईही बघत होत्या, पण दुसऱ्याच बाजूनं.

"बिंदणी, मला संशय येऊन राह्यला," मूग निवडता निवडता त्या एका दुपारी म्हणाल्या. सून या अर्थी त्या रुचीला बिंदणीच म्हणायच्या.

"कशाचा, मम्मीजी?"

"दीक्षेचा." शब्द फार मोठ्यानं निघाला असं वाटून त्यांनी दाराकडं बघितलं. "चातुर्मास लागल्यापासून रोज स्थानकात, म्हाराजसांकडं जातो. दिवस मावळायच्या आत जेवतो. सामायिकात डोळे मिटून बसला की हलत न्हाई. पोरीचा फोटो हातात दिला तर असा बघतो जसं काय विजेचं बिल आलंय. माझे मामा असेच होते. असेच गपगार. एक दिवस उठले अन् साधू झाले. मामी जन्मभर दाराकडं तोंड करून जेवली."

"पापाजी काय म्हणतात?"

"ते फुगून राह्यले. आपल्या जैन संघात बसून सांगतात, आमच्या श्रेणिकचं मन संसारात न्हाई. घरातून एक दीक्षा झाली की कुळ तरलं म्हणे. कुळ तरलं, अन् आई?" त्यांनी मुगातला खडा जरा जोरातच बाजूला टाकला. "दिवाळीनंतर पहिला मुहूर्त बघून एकताला आणू. पायात बेडी पडली की माणूस थांबतो."

"तुम्ही त्याला सरळ विचारलं का?"

"विचारलं अन् हो म्हणाला तर?"

रुचीनं मुगाचं ताट आपल्याकडं ओढून घेतलं. पण सासूबाईंचा संशय तिला पटला नाही. वैराग्य आलेला माणूस असा नसतो. श्रेणिकला दाळबाटीवर तूप कमी पडलेलं चालत नसे. भारत हरला की तो दुसऱ्या दिवशीही चिडलेला असे. नवीन माल आला की साडीचा पदर हातावर घेऊन तो असा उभा राहायचा, जसं एखादं झोपलेलं मूल उचललंय. संसाराला कंटाळल्याची यात एकही खूण नव्हती. मग एखादी मुलगी? तिनं त्याचं फोनवरचं बोलणं ऐकलं, बाहेर जाण्या-येण्याच्या वेळा बघितल्या. मुलगी कुठंच नव्हती. होता तो अर्पित.

अर्पित श्रेणिकचा शाळेतला दोस्त, आता संभाजीनगरला बँकेत होता. श्रेणिक अधूनमधून रविवारी त्याच्याकडं जायचा आणि परत आला की हलका दिसायचा. रुचीच्या मनात पाल चुकचुकली.

त्यानंतर तिनं वाचायला सुरुवात केली. स्टाफरूममध्ये, तास नसताना, फोन पुस्तकाआड धरून. वाचता वाचता तिला स्वतःचीच थोडी शरम वाटली. इतकी वर्षं तिनं हे सगळे शब्द एकाच बाटलीत भरून ठेवले होते आणि बाटलीवर 'तसले' अशी चिठ्ठी डकवली होती. समलैंगिक, उभयलैंगिक, पारलिंगी, तृतीयपंथी. शास्त्र शिकलेल्या बाईनं मीठ आणि तुरटी एका बरणीत ठेवावी, तसं ते होतं. आता ती एकेक वेगळं करू लागली. माणूस स्वतःला काय म्हणून ओळखतो, हा एक प्रश्न. त्याला ओढ कुणाची वाटते, हा वेगळा. पुरुषाला पुरुष आवडला म्हणून तो बाई होत नाही. आणि पुरुषाच्या शरीरात जन्मलेली बाई पुरुषावर प्रेम करीलच असंही नाही. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि श्रेणिकला मनातल्या मनात एका शब्दाखाली ठेवून दिलं. फक्त खात्री करायची राहिली होती.

खात्रीची संधी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी आली. त्या दिवशी जैन घरांतली माणसं एकमेकांकडं जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. अर्पितही आला. हात जोडून सगळ्यांना खमतखामणा केला, जेवायला बसला. रुची वाढत होती आणि बघत होती. दोघं एकमेकांकडं चोरून बघतात का? हात लागतो का? बोलता बोलता एखादं वाक्य अर्धवट सुटतं का? काही नाही. दोघं जेवणभर एका झेलावरून भांडले. तो बाद होता की नव्हता, एवढंच.

जाताना ती अर्पितला मिठाईचा डबा द्यायला जिन्यापर्यंत गेली.

"भाभी," अर्पित चप्पल घालत म्हणाला, "मगापासून तुम्ही मला असं बघून राह्यल्या जसं काय मी परीक्षानळीत आहे. रंग बदलला का माझा?"

रुचीचे कान तापले. पण आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. "तुझं आणि श्रेणिकचं काय आहे?"

अर्पित लगेच हसला नाही. डब्याचं झाकण नीट बसलंय का ते त्यानं दाबून बघितलं. "माझं मी सांगतो. मला पुरुष आवडतात. घरी माहीत आहे. वडील बोलत न्हाईत, आई डबा पाठवते. चाललंय." मग तो खालच्या पायरीवर उतरला. "श्रेणिकचं श्रेणिकला विचारा. ते मी सांगणं बराबर न्हाई. पण तुमच्या डोक्यात जे आहे ते काढून टाका. मी त्याला आवडत न्हाई."

"तुला काय माहीत?"

"विचारून बघितलंय ना," अर्पित म्हणाला, आणि आता हसला. "सॉरी म्हणाला ते म्हणाला, वर मलाच समजावत बसला."

रुची जिन्यात उभी राहिली. तिच्या मुलांना प्रात्यक्षिकात ती अज्ञात क्षार ओळखायला द्यायची. एकेका गटाची चाचणी घ्यायची, नळीच्या तळाशी साका बसतो का बघायचं, नाही बसला तर पुढच्या गटाकडं जायचं. दरवर्षी एखादं पोर नळी स्वच्छ असतानाही 'पांढरा साका' असं ठोकून द्यायचं. काहीतरी निघालंच पाहिजे, ही त्याची खात्री. रुची त्याचे गुण कापायची. आज तिला वाटलं, आपणही तेच करत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, ती चहा घेऊन खाली गेली. अभय मालासाठी बाहेरगावी, सासरे वर आडवे झालेले. श्रेणिक गादीवर बसून गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालत होता.

"ही अंगठी कशाची आहे?"

"शनीची."

"शनीची लोखंडाची असते. ही स्टीलची आहे, वर काळा थर दिलाय. मम्मीजींना शनी सांग. मला नको सांगू."

श्रेणिकचा हात घडीवर थांबला. "अर्पित काही बोलला?"

"स्वतःचं बोलला. तुझं तुला विचार म्हणाला."

बाहेरून एक ऑटो हॉर्न वाजवत गेली. श्रेणिकनं चहाचा कप उचलला आणि न पिता परत ठेवला. "माझ्यासारखी जी माणसं आहेत, त्यातली काही जण घालतात," तो म्हणाला. "जगभर. काळी, उजव्या हाताच्या मधल्या बोटात. एकमेकांना ओळखू यावं म्हणून. शनीचं पण तेच बोट निघालं. मम्मीजींनी स्वतःच ठरवून टाकलं, साडेसाती आहे म्हणून घातली. मी फक्त हो म्हणालो."

"तुझ्यासारखी म्हणजे?"

"एसेक्शुअल म्हणतात. मराठीत अलैंगिक."

रुचीचा संशय कमी होण्याऐवजी वाढला. हा शब्द तिला वेगळ्याच धड्यातून माहीत होता. "अलैंगिक प्रजनन असतं, श्रेणिक. अमीबाचं. बटाट्याचं. माणूस अलैंगिक कसा असेल?"

"बटाटा तर आपल्या घरात चालतच न्हाई, भाभी. मंग माझं काय करणार?"

ती हसली नाही. "मस्करी नको. आष्टीला माझी बहीण बसलीय. डॉक्टरला दाखवलं का?"

"संभाजीनगरला. सगळे रिपोर्ट बराबर आले. डॉक्टरबाईच म्हणाल्या, आजार असता तर औषध दिलं असतं."

"मग पुरुषांबद्दल? मला सांगितलंस तरी चालेल. मी आता वाचलंय."

"त्याचा पण विचार केला. खूप केला. तसं असतं तर बरं झालं असतं, असं पण वाटलं. निदान काहीतरी निघालं असतं."

हे वाक्य रुचीला टोचलं. तरी तिनं शेवटची चाचणी घेतली. "आणि तू स्वतःला... पुरुषच समजतोस ना?"

"पुरुषच. तो प्रश्न वेगळा आहे. मी कोण, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मला कोण पायजे, त्याचं उत्तर आहे, कुणीच न्हाई. आमच्यात सगळे सारखे नसतात. कुणाला प्रेम होतं, लग्न पण करतात, फक्त ते एक नको असतं. कुणाला ओळख वाढली की हळूहळू ओढ लागते. मी वाट पाहून बघितली. माझं तसं न्हाई."

"योग्य मुलगी भेटली नसेल अजून."

श्रेणिकनं तिच्याकडं बघितलं. त्याला राग आला नव्हता. हे वाक्य त्यानं पुष्कळदा ऐकलेलं असावं. "भाभी, तुम्हाला मटण खावंसं वाटतं?"

"काय बोलून राह्यला?"

"सांगा तर. वाटतं?"

"नाही."

"वाटतं, पण दाबून ठेवता?"

"मुळातच वाटत नाही."

"चांगल्या हाताचं अजून मिळालं नसेल," श्रेणिक म्हणाला. रुचीनं आपलंच वाक्य ओळखलं. तो पुढं म्हणाला, "मंग तुम्ही मटणाचं व्रत करून राह्यल्या का? न्हाई. व्रत म्हणजे भूक असून न खाणं. मला भूकच न्हाई. व्याख्यानात म्हाराजसा ब्रह्मचर्यावर बोलतात, इंद्रियांवर विजय म्हणतात, अन् सगळे वळून माझ्याकडं बघतात. मी लढलोच न्हाई कुणाशी. दुसऱ्याचा हार चोरून गळ्यात घातल्यासारखं वाटतं."

"मग रोज तिथं जातोस कशाला?"

"तिथं कुणी विचारत न्हाई, लग्न का न्हाई केलं. अख्ख्या जालन्यात तेवढी एकच जागा आहे."

त्यानं घडी पुरी केली, दुसरी साडी ओढली. रुचीला हवा होता तो प्रश्न आता समोर होता, आणि तो विचारायची तिला भीती वाटली. सासूबाईंना वाटत होती तशीच.

"दीक्षा घेणार आहेस?"

तो साडीचे काठ जुळवू लागला. "कधी कधी वाटतं, घेऊन टाकावी. पापाजी खूश होतील. मम्मीजी रडतील, पण चार लोकांत मान मिळेल त्यांना. मला मन नसताना घ्यायची, एवढंच. न्हाई तर एकताला हो म्हणायचं. ते पण मन नसतानाच." काठ जुळले नाहीत. त्यानं साडी परत उलगडली. "तुम्ही सांगा ना घरात. तुमचं ऐकतात. तुम्ही शिकलेल्या आहात, शब्द बराबर वापराल."

"मी सांगितलं तर ऐकणार नाहीत, माझ्यावरच संशय घेतील. बहिणीला सोडवायला दिराला नावं ठेवली म्हणतील. हे तुझ्याच तोंडून आलं पाहिजे."

"सांगतो," श्रेणिक म्हणाला. "सांगतो मी."

तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला का? तिला स्वतःलाच नक्की सांगता आलं नसतं. जिना चढताना पटलं होतं. पोळ्या लाटताना वाटलं, सोयीचा शब्द सापडलाय पोराला. मावळतीआधी ताट वाढताना त्याचा चेहरा बघून पुन्हा पटलं. मटणाचं उदाहरण मात्र ती कितीही उलटून बघायची, त्यात तिला खोट सापडत नव्हती.

पण श्रेणिक बोलला नाही. आज पापाजींचं डोकं दुखतंय, उद्या पाहुणे आहेत, परवा सांगतो. काकांचा फोन आला की रुची "कळवते" म्हणायची आणि तिचाच आवाज तिला खोटा वाटायचा. सायरबाई दोघांना बोलताना बघायच्या आणि गप्प व्हायच्या. एकदा म्हणाल्याच, "दीर-भावजयीचं फार गुळपीठ जमून राह्यलं. माझ्यापासून काय लपवताय?"

मग रुचीला ते कापड दिसलं. दुकानाच्या आतल्या कपाटात, साड्यांच्या मागं, पांढऱ्या सुती कापडाचा गठ्ठा. या दुकानात पांढरं कापड विकलंच जात नसे. तिनं ते बोटांत धरून बघितलं. साधू-साध्वींच्या अंगावर असतं तेच. कपाटाची किल्ली एरवी श्रेणिककडं असायची.

तिला आधी राग आला, मग धास्ती वाटली. म्हणजे दुपारची ती सगळी कहाणी, अंगठी, शब्द, मटण, हे सगळं तिला गप्प ठेवण्यापुरतं होतं? का तो खरं बोलला होता आणि तरीही सोपी वाट धरत होता? दुसरं जास्त वाईट होतं. तिनं त्याला विचारलं नाही. सायरबाईंसारखीच तीही त्याच्या 'हो'ला घाबरली.

दोन साधू गोचरीला, म्हणजे भिक्षेला, आले ते अशाच एका दिवशी, सकाळचा स्वयंपाक उरकत असताना. साधू सांगून येत नाहीत. सांगून आले तर घरातले त्यांच्यासाठी मुद्दाम रांधतील, आणि मुद्दाम रांधलेलं त्यांना चालत नाही. खालून हाक आली, हस्तीमल लगबगीनं पुढं गेले, आणि "पधारो म्हाराजसा, पधारो" करत त्यांना वर घेऊन आले. पांढरे कपडे, तोंडावर बांधलेली मुहपत्ती, हातात झोळीतली लाकडी पात्रं. मोठे महाराज म्हातारे होते, पाय ओढत चालायचे. घरातले सगळे हात जोडून उभे राहिले. श्रेणिक दाराशी.

वाढण्याचं काम रुचीचं होतं. त्याचे नियम तिला पाठ होते. कच्चं पाणी, विस्तव, हिरवी पालेभाजी, वीज, यातल्या कशालाही वाढणाऱ्याचा हात लागलेला चालत नाही. लागला तर अन्न असूझतं, म्हणजे घेण्याला अयोग्य, आणि साधू तसेच परत फिरतात. तिनं हात कोरडे असल्याची खात्री केली आणि पोळ्यांचा डबा उघडला.

तेवढ्यात ओट्यावरचा तिचा फोन वाजायला लागला. पडद्यावर काकांचं नाव होतं. आष्टी.

"हात लावू नको, बिंदणी," सायरबाई हळूच म्हणाल्या.

फोन वाजत राहिला. महाराजांनी पात्र पुढं धरलं. "दया पालो," त्यांनी आशीर्वाद दिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "हे आमच्यासाठी तर केलं नाही ना?"

"नाही म्हाराजसा. घरच्यांसाठीच."

"सूझतं आहे?"

"सूझतं आहे."

तिनं पोळी वाढली, मुगाची भाजी वाढली. महाराजांनी हातानं पुरे अशी खूण केली. फोन वाजून वाजून थांबला. तेव्हा हस्तीमल पुढं झाले. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या श्रेणिकचा दंड धरून त्याला महाराजांसमोर आणलं.

"म्हाराजसा, आज अन्नासोबत आणखी एक वस्तू वहोरायची आहे," ते म्हणाले. साधूला भिक्षा अर्पण करण्याला वहोरणं म्हणतात, आणि मुलगा दीक्षेसाठी देतानाही हाच शब्द वापरतात. "हा माझा धाकटा. संसारात याचं मन नाही, सगळा संघ बघून राह्यला. बाप म्हणून माझी आज्ञा आहे. कपडे पण मी काढून ठेवलेत, खाली दुकानात."

म्हणजे कापड सासऱ्यांनी ठेवलं होतं. रुचीला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच कळलं, आता त्यानं काही फरक पडत नाही.

सायरबाईंनी ओट्याचा आधार घेतला होता. त्या रडत नव्हत्या. त्या मुलाकडं अशा बघत होत्या जशा कधीकाळी त्यांच्या मामीनं दाराकडं बघितलं असेल.

श्रेणिकनं मान खाली घातली. अंगठ्यानं तो मधल्या बोटातली काळी अंगठी फिरवत होता. रुचीच्या मनात आलं, हा आता हो म्हणेल. वाकून पाय धरले की झालं. एक शब्दही बोलावा लागणार नाही. बाप आनंदानं रडेल, गाव हार घालेल, आणि कुणी पुन्हा काही विचारणार नाही. तिचं तोंड उघडलं होतं. हातात पोळ्यांचा डबा होता. तिनं दात दाबून धरले.

मोठ्या महाराजांनी पात्रावर झाकण ठेवलं, झोळीची गाठ मारली, आणि मग श्रेणिककडं बघितलं. अन्न वाढणाऱ्या हाताकडं बघतात तसं, सावकाश.

"हस्तीमलजी, पोळी घेताना मी विचारलं, आमच्यासाठी केली आहे का," ते म्हणाले. "आमच्यासाठी मुद्दाम केलेलं आम्हाला चालत नाही. माणूस न विचारता कसा घेऊ?" मग आवाज आणखी खाली आणून, "बोल रे. हे वैराग्य तुझं आहे, का घरच्यांसाठी केलेलं?"

श्रेणिकनं वर बघितलं. आधी आईकडं, मग वडिलांकडं, आणि शेवटी रुचीकडं. रुचीनं मान हलवली नाही, ना होकाराची, ना नकाराची. ती फक्त नजर न काढता उभी राहिली. ओट्यावर फोन पुन्हा वाजायला लागला.

अंगठी फिरायची थांबली.

"माझं न्हाई, म्हाराजसा," श्रेणिक म्हणाला. शब्द स्वच्छ होते. "ज्याला तुम्ही वैराग्य म्हणता ते माझ्यात न्हाई. मला बाईची ओढ न्हाई, पुरुषाची न्हाई, कुणाचीच न्हाई. मी जन्मापासून असाच आहे अन् माझ्यासारखे पुष्कळ आहेत. पण मला हे घर पायजे, दुकान पायजे, मम्मीजी पायजेत. पापाजी, मी दीक्षा घेणार न्हाई. अन् लग्न पण करणार न्हाई, एकताशी न्हाई, कुणाशीच न्हाई. मी इथंच राहणार."